थँक्सगिव्हिंगचे पाय: गुरुवारी ओव्हन टर्कीचा, बुधवारी आपला

प्रश्न असा आलाय: "ओहायोत येऊन दोन वर्षं झाली. यंदा पहिल्यांदाच थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडे आहे. चौदा माणसं, त्यांत ह्यांच्या ऑफिसातली दोन अमेरिकन कुटुंबं. सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्या अंडं खात नाहीत. ओव्हन एकच. कोणते पाय करावेत, किती करावेत आणि किती आधी करून ठेवले तर चालतील?"

आधी थेट उत्तर देते, मग बाकीचं सांगते. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचा गोड पदार्थ, असे चार करा. एक पंपकिन म्हणजे भोपळ्याचा, एक पिकॅन म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा, एक अ‍ॅपल आणि एक इंडियानाचा शुगर क्रीम. यातले शेवटचे दोन सासूबाईंना निर्धास्त वाढा. चारही बुधवारी रात्री झोपायच्या आत तयार हवेत. गुरुवारी, म्हणजे नोव्हेंबरातल्या या सणाच्या दिवशी, पायसाठी ओव्हन मिळणार नाही, तो दिवस टर्की भाजण्याचा.

मी इंडियानात बावीस वर्षं आहे. त्यातली अकरा एका बेकरीत पाय लाटण्यात गेली. आता ती नोकरी सोडली, पण नोव्हेंबरात शेजारपाजारचे दहा-बारा पाय अजून माझ्याच ओट्यावर होतात. बेकरीतल्या पहिल्या वर्षी आईला फोनवर म्हणाले, "उद्या साठ पाय करायचेत," तर ती म्हणाली, "अगं, गोम पाळलीस का काय?" तेव्हापासून एक नियम पाळते: पायचा, पायला, पायमध्ये असंच म्हणायचं. पायाचा म्हटलं की जेवणाची गोष्ट भलतीकडे जाते.

चार कशासाठी? नऊ इंची पायचे आठ तुकडे होतात. चौदा माणसांना दोन पाय पुरतील असं हिशेबाने वाटतं, पण थँक्सगिव्हिंगला कुणी एक तुकडा घेत नाही. "याचा थोडा, त्याचा थोडा" असं चालतं. शिवाय शुक्रवारी सकाळी कॉफीबरोबर गार पाय खायची इथे जुनी सवय आहे. उरला नाही तर घरचेच नाराज होतात. तिसऱ्या पायनंतर चौथ्याचे कष्ट फारसे वाढत नाहीत, कारण कणीक एकदमच होते.

आता निवडीबद्दल. लोकांना आवडतो कोणता, हे विचारून काही हाती लागत नाही. दहा जणांना विचारलंत तर सहा जण पंपकिन म्हणतात आणि पिकॅन आधी संपवतात. मी वेगळं बघते: कोणता पाय रात्रभर थांबू शकतो आणि कुठे थांबतो. पिकॅन दोन दिवस थांबतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. शुगर क्रीमला रात्रभर फ्रिजमध्ये राहावंच लागतं. पंपकिन एक रात्र थांबतो, पण बूड नीट भाजलेलं असेल तरच. अ‍ॅपल ओट्यावर थांबतो, फ्रिजमध्ये गेला की वरचं आवरण मऊ पडतं. तुमच्याकडे ओव्हन एक आणि फ्रिज टर्कीने भरलेला असणार, तेव्हा हा हिशेब चवीच्या आधी करायचा.

क्रस्टवर, म्हणजे पायच्या पारीवर, जरा जास्त बोलते, कारण आपल्या बायका इथेच चुकतात, आणि चुकतात त्या स्वयंपाक येतो म्हणून. पोळ्यांचा हात असलेली बाई पीठ दिसलं की मळायला लागते. पायचं पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं असतं. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागतं आणि शंकरपाळं खुसखुशीत होतं. पायमध्ये नेमकं उलटं. बटर फ्रिजमधून काढलेलं, घट्ट, आणि पिठात त्याचे वाटाण्याएवढे तुकडे तसेच राहिले पाहिजेत. लाटताना ते तुकडे चपटे होतात. ओव्हनमध्ये बटर वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. करंजीला साटा लावून आपण पापुद्रे आणतो, इथे तेच काम बटरचे तुकडे करतात. बटर हातातच वितळलं तर हाती येतं ते भलं मोठं शंकरपाळं. चव वाईट नसते, पण पाय नव्हे.

एका क्रस्टला साधारण १५५ ग्रॅम मैदा, म्हणजे इथला ऑल पर्पज फ्लोअर, बटरची एक पूर्ण स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर आणि तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. पाणी एकदम ओतू नका. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला की थांबा, भांड्यात थोडा भुगा दिसला तरी चालेल. गोळा चपटा करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि किमान एक तास फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात पाणी सगळीकडे मुरतं आणि पीठ ताण सोडतं. ही विश्रांती चुकवली तर भाजताना कडा आक्रसून खाली बसतात आणि पाय परातीतल्या भाकरीसारखा दिसतो. चार पायना पाच गोळे लागतील, कारण अ‍ॅपलला खाली एक आणि वर एक. म्हणजे क्रस्टलाच बटरच्या पाच स्टिक. हे गोळे रविवारी-सोमवारी करून फ्रिजमध्ये ठेवले तरी चालतात, फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. पोळपाट लहान पडेल. ओट्यावरच बारा इंची लाटा, लाटणं आपलं चालतं.

यात अंडं कुठेच नाही. कडांना चकाकी यावी म्हणून बरेच जण वरून अंडं लावतात, त्याऐवजी क्रीम लावा, रंग छान येतो.

पंपकिन, पिकॅन, शुगर क्रीम हे तिन्ही पातळ सारणाचे. पंपकिन आणि शुगर क्रीमसाठी क्रस्ट आधी रिकामी भाजून घ्यायची. थाळीत बसवून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. थाळी काचेची असेल तर फ्रिजमध्येच ठेवा, कारण गोठलेली काच तापत्या ओव्हनमध्ये गेली की तडकते. मग वर फॉइल घाला, त्यात कडेपर्यंत कोरडा राजमा भरा आणि ४०० अंश फॅरनहाइटवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. राजमा काढून आणखी सहा-सात मिनिटं, बूड कोरडं आणि फिकट बदामी दिसेपर्यंत. हा राजमा पुढच्या वर्षीही वापरता येतो, फक्त बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या घरी एकदा तो रात्री कुणीतरी भिजत घातला होता. दोन दिवस शिजवूनही त्याचा दगडच राहिला.

थाळी कुठली, हेही विचारतात. तुमच्यासारखीला काचेची. बूड भाजलं का, हे उचलून बघता येतं. चिनी मातीची नक्षीदार थाळी जेवणाच्या टेबलावर शोभते, पण तापायला वेळ लावते.

पंपकिन पाय. भोपळा गोडात घालायचा म्हटल्यावर नव्याने आलेली बरीच भारतीय मंडळी नाक मुरडतात. आपण घारगे खाऊन मोठे झालो, आपल्याला तो हक्क नाही. खरं तर घारग्यांची आठवण ठेवलीत तर हा पाय लगेच कळेल: भोपळा, गोड, वास. फरक इतकाच की इथे अंडी आणि दूध घालून तो खरवसासारखा थरथरता करतात.

भोपळा डब्यातला घ्या. ताज्याचा अभिमान नको. हॅलोवीनला दारात ठेवतात तो नारिंगी भोपळा पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, तो कोरण्यासाठीच. डब्यात येतो तो वेगळा. लिबीज कंपनीचा कारखाना इलिनॉयमध्ये मॉर्टन या गावी आहे आणि ते डिकिन्सन नावाची जात वापरतात. ती बाहेरून फिकट, मातकट, आतून घट्ट केशरी. हॅलोवीनच्या भोपळ्यापेक्षा तिचं नातं बटरनट स्क्वॉशशी जवळचं. आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्या बऱ्याच जातीही त्याच कुळातल्या, म्हणून इंडियन स्टोअरमधला भोपळा वाफवून, फडक्यात बांधून पाणी काढून घेतला तर तोही चालतो. मी करून पाहिलाय. फरक फार नाही, कष्ट फार आहेत.

दुकानात दोन डबे शेजारी-शेजारी असतात आणि दिसायला सारखे. एकात नुसता भोपळा, दुसऱ्यात 'पंपकिन पाय मिक्स', म्हणजे साखर-मसाला आधीच घातलेला. नुसता भोपळा घ्या. दुसरी गफलत दुधाची. कृतीत इव्हॅपोरेटेड मिल्क असतं, म्हणजे नुसतं आटवलेलं, बिनसाखरेचं दूध. ते कंडेन्स्ड मिल्क नव्हे. माझ्या पहिल्या पंपकिन पायमध्ये मी कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओतला आणि वर पाऊण कप साखरही घातली. पाहुण्यांनी एक-एक घास घेऊन कॉफी किती छान झालीय ते सांगितलं.

प्रमाण म्हणाल तर लिबीजच्या डब्यावर १९५० पासून छापतात तेच घ्या, अर्ध्या अमेरिकेची जीभ त्यावरच पोसलेली आहे. १५ औंसांचा एक डबा भोपळा, १२ औंसांचा एक डबा इव्हॅपोरेटेड मिल्क, दोन अंडी, पाऊण कप साखर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा लवंग. मी त्यात एकच गोष्ट वाढवते. भोपळा, साखर आणि मसाला कढईत घेऊन मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परतते. डब्याचा वास जातो, पाणी कमी होतं, मसाला उमलतो. मग त्यात गार दूध आणि शेवटी फेटलेली अंडी. कोमटसर सारण गरम क्रस्टमध्ये ओतायचं आणि तापलेल्या ट्रेवर ठेवून खालच्या कप्प्यात भाजायचं. डब्यावर सुरुवातीला १५ मिनिटं ४२५ अंश आणि पुढे ३५० वर ४० ते ५० मिनिटं सांगतात, ते कच्च्या क्रस्टसाठी. तुमची आधी भाजलेली आहे, तेव्हा सुरुवातीपासून ३५० ठेवा आणि ४० मिनिटांपासून लक्ष ठेवा. कडा काळपट व्हायला लागल्या तर फॉइलची पट्टी लावा.

झाला कधी म्हणायचं? कडा घट्ट आणि मधला दोन इंचांचा गोल अजून हलतोय, तेव्हा बाहेर काढा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी १७५ अंश. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर अंडी आवळतात आणि गार होताना मधोमध भेग पडते. पडलीच तर काळजी नको, व्हिप्ड क्रीम त्यासाठीच असतं. पूर्ण गार झाला की फ्रिज. अंडी-दुधाचा पाय दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचा नाही, हा इथला अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. आदल्या रात्रीपासून टेबलावर सजवून ठेवणारे यजमान मी पाहिलेत. तसं करू नका.

वेलची घालू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण घालावीशी वाटणार. यंदा नको. ऑफिसातली मंडळी लहानपणीचा वास शोधत येतात. त्यांच्या सणाला त्यांचाच वास असू द्या.

एक गंमत जाता जाता. १६२१ च्या, प्लिमथ या इंग्रज वसाहतीतल्या ज्या मेजवानीला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, तिथे पंपकिन पाय नव्हता. गव्हाचं पीठ नाही, लोणी नाही, भट्टी नाही, पाय होणार कशाचा? भोपळा होता, तो तिथल्या वाम्पानोआग लोकांच्या शेतीत आधीपासूनच होता. आजच्या पायच्या जवळ जाणारी छापील कृती मिळते ती थेट १७९६ मध्ये, अमेलिया सिमन्सच्या पाककृतींच्या पुस्तकात, आणि ती त्याला पाय नव्हे, पुडिंग म्हणते.

पाहुण्यांत कुणी दक्षिणेकडचं किंवा आफ्रिकन अमेरिकन कुटुंब असेल तर पंपकिनऐवजी स्वीट पोटॅटो पाय करा, म्हणजे रताळ्याचा. त्यांच्या घरी थँक्सगिव्हिंगला मान याचा. दोन्ही एकदम करू नका, एकासारखे दुसरे दिसतात आणि दोन्ही अर्धे उरतात. माझ्याबरोबर बेकरीत जॉर्जियातून आलेली एक बाई होती. तिने मला एकच गोष्ट शिकवली, रताळी उकडायची नाहीत. सालासकट ओव्हनमध्ये तासभर भाजायची, साखर बाहेर येऊन चिकट काळी होईपर्यंत. हळूहळू तापताना रताळ्यातला स्टार्च साखरेत बदलतो, उकडताना ती संधी कमी मिळते आणि वर पाणी शिरतं. आपलं उपासाचं पांढरं रताळं यात कोरडं पडतं, नारिंगी गराचंच घ्या. बाकी पद्धत पंपकिनसारखीच, थोडं बटर आणि जायफळ जास्त.

पिकॅन. हा चारांत सगळ्यात सोपा आणि सगळ्यात गोड. पिकॅन हे झाड मूळचं इथलंच, अक्रोडाच्या कुळातलं. त्याच्या बागायतीमागची एक गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. चांगल्या झाडाचं बी लावलं तरी फळ तसंच येईल याची खात्री नसते, कलम करावं लागतं. ते कलम यशस्वी करून दाखवलं लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावरच्या आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने, १८४० च्या दशकात. त्याच्या कलमांच्या पिकॅनला १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी (सेंटेनियल) प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि जातीला 'सेंटेनियल' नाव पडलं. माळ्याचं आडनावसुद्धा नोंदीत नाही.

सारण: एक कप कॉर्न सिरप, एक कप साखर, तीन अंडी, दोन मोठे चमचे वितळलेलं बटर, व्हॅनिला आणि दीड कप पिकॅन. ३५० अंशांवर तासभर ते सत्तर मिनिटं, मध्यभागी २०० अंश. इथे क्रस्ट कच्चीच चालते, सारण बराच वेळ भाजलं जातं. मी मात्र कॉर्न सिरपचा तिसरा हिस्सा काढून तिथे काकवी घालते. हे काही माझं मराठीपण मिरवणं नाही. लुइझियानात उसाचा पाक घालून पिकॅन पाय करायची रीत आहे, आणि तो पाक म्हणजे चवीला, रंगाला आपली काकवीच. नुसत्या कॉर्न सिरपला गोडी असते, चव नसते. काकवीने तो थोडा कडवट, खमंग होतो आणि तिसऱ्या घासाला गोड मिट्ट वाटत नाही. पिकॅन आधी दहा मिनिटं भाजून घ्या आणि मीठ चिमूटभर नव्हे, अर्धा चमचा घाला.

अ‍ॅपल पाय मला स्वतःला सगळ्यात प्रिय, आणि बिघडतोही तोच जास्त. त्याची दोन दुखणी. वरचं आवरण फुगून राहतं आणि आत सफरचंद बसून पोकळी होते, किंवा कापल्यावर सगळा रस थाळीत पळतो. दोन्हींचं कारण एकच, सफरचंदातलं पाणी. भरताना ढीगभर दिसणाऱ्या फोडी ओव्हनमध्ये पाणी सोडून निम्म्या होतात. म्हणून त्या आधीच बसवून घ्यायच्या. सव्वा किलो सफरचंदं सोलून पाव इंच जाड कापा. अर्धा कप साखर, लिंबू, मीठ, दालचिनी घालून मोठ्या पातेल्यात झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं. उकळी येऊ द्यायची नाही, नुसतं चांगलं गरम. त्या तापमानाला फोडींतलं पेक्टिन घट्ट होतं आणि मग त्या पुढे तासभर भाजल्या तरी आकार सोडत नाहीत. फोड वाकली पण तुटली नाही की चाळणीत ओता. खाली आलेला रस एक चमचा बटर घालून पाकासारखा आटवा, परत फोडींवर घाला, दोन चमचे कॉर्नस्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर, लावा. सगळं पूर्ण गार झाल्यावरच क्रस्टमध्ये भरा, कोमट भरलंत तर बटर तिथेच वितळलं म्हणून समजा.

सफरचंद कोणतं? एकच जात नको. निम्मे ग्रॅनी स्मिथ, आंबट आणि टणक. निम्मे हनीक्रिस्प किंवा गोल्डन डिलिशस. हनीक्रिस्प मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलेली जात. महाग असते, पण शिजून तग धरते. मॅकिंटॉशचा गाळ होतो, ते सॉसला चांगलं. लाल चकचकीत रेड डिलिशस नावावर जाऊन घेऊ नका.

वरच्या आवरणाला चार चिरा द्या. ४२५ अंशांवर वीस मिनिटं, मग ३७५ वर चाळीस-पन्नास. रंग आला म्हणून काढू नका. चिरांमधून रस दाट, संथ बुडबुडे काढत वर आला पाहिजे. तोपर्यंत कॉर्नस्टार्च शिजलेला नसतो. मग किमान चार तास हात लावायचा नाही. गरम अ‍ॅपल पाय कापायचा मोह सगळ्यांना होतो आणि त्याचं सूप सगळ्यांनी खाल्लेलं आहे.

अ‍ॅपल पायबरोबर चेडर चीजचा तुकडा वाढला तर दचकू नका. न्यू इंग्लंडमधली जुनी पद्धत आहे ही. व्हरमाँट राज्याने १९९९ मध्ये अ‍ॅपल पायला राज्याचा पाय ठरवलं, तेव्हा कायद्यातच लिहिलं की तो वाढताना गार दूध, निदान अर्धा औंस चेडर किंवा व्हॅनिला आइस्क्रीम द्यायचा मनापासून प्रयत्न करावा. जिलबीबरोबर मठ्ठा घेणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता सासूबाईंचा पाय. पंपकिनमध्ये अंड्याऐवजी कॉर्नस्टार्च घालून काहीतरी करता येतं, मी केलंही आहे, पण तो तडजोडीचा पाय होतो आणि खाणाऱ्याला ते कळतं. त्यापेक्षा मुळातच अंडं नसलेला पाय करा. आमच्या इंडियानाचा शुगर क्रीम पाय तसा आहे. एकोणिसाव्या शतकात इकडे वस्तीला आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या घरचा हा पदार्थ मानतात. हिवाळ्यात फळं संपली, घरात उरलं दूध, साय, साखर, पीठ, त्याचाच पाय. इंडियानाच्या सिनेटने २००९ मध्ये ठराव करून त्याला मान दिला. पहिला घास खाल्ला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बासुंदी आटवता आटवता विसरलं आणि ती वडीच्या अलीकडे येऊन थांबली.

पाऊण कप साखर, चार मोठे चमचे कॉर्नस्टार्च आणि चिमूटभर मीठ कोरडंच एकत्र करा. त्यात सव्वादोन कप हेवी क्रीम आणि चार मोठे चमचे बटर घालून मध्यम आचेवर सतत ढवळा. खीर बुडाला लागू न देणारा हात इथे कामाला येतो. दाट होऊन एक-दोन बुडबुडे आले की उतरवा, व्हॅनिला घाला, भाजलेल्या क्रस्टमध्ये ओता. वरून थोडं वितळलेलं बटर, साखर, आणि दालचिनी किंवा जायफळ. काही घरी दालचिनी, काही घरी जायफळ, यावर इकडे वाद होतात. मी जायफळवाली. ३२५ अंशांवर पंचवीस मिनिटं. बाहेर काढताना पातळ वाटेल, घाबरू नका. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर सुरी स्वच्छ चालते. गोड आहे, तुकडे लहान कापा.

सासूबाई शाकाहारी असतील तर आणखी दोन गोष्टी. वेळ कमी पडला म्हणून तयार क्रस्ट आणलीत तर वेष्टन वाचा, काहींत लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते. जुन्या अमेरिकन हाताने केलेल्या क्रस्टमध्येही ती सर्रास असायची, म्हणून पाहुण्यांनी पाय आणला तर आधीच विचारून ठेवा, त्यांना वाईट वाटत नाही. आणि रताळ्यावर पांढरे मार्शमेलो लावलेला पदार्थ कुणी आणला तर त्यात जिलेटिन असतं.

वार सांगते. सोमवारी पाच गोळे. मंगळवारी रात्री पिकॅन, तो गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये, आणि गुरुवारी दुपारी बाहेर काढायचा. बुधवारी सकाळी दोन क्रस्ट रिकाम्या भाजून घ्या, लगेच पंपकिन, त्याच्या पाठोपाठ शुगर क्रीम. त्याच सुमाराला सफरचंदं शिजवून गार करत ठेवा आणि संध्याकाळी अ‍ॅपल भाजा. तो रात्रभर ओट्यावर, पातळ फडक्याखाली. फ्रिजमध्ये तीन पायना जागा लागेल, तेव्हा ताक-दही-लोणच्यांचे डबे बुधवारी गॅरेजमध्ये हलवा. ओहायोतल्या नोव्हेंबरात गॅरेज फ्रिजच असतं.

गुरुवारी फक्त एक कप हेवी क्रीम दोन चमचे साखर घालून फेटायचं, भांडं आधी फ्रीझरमध्ये ठेवून. टर्की बाहेर आली की तिला कापायच्या आधी अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. तेव्हा ओव्हन रिकामा आणि तापलेला असतो. ३०० अंशांवर आणून अ‍ॅपल पाय वीस मिनिटं आत ठेवा. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा घरभर दालचिनीचा वास असेल, आणि पाय वाढेपर्यंत नुसता कोमट.

पहिला तुकडा मोडतो, नेहमीच. तो स्वयंपाकघरात उभ्याने तुम्ही खा.

खरेदी मात्र या आठवड्यातच उरका. भोपळ्याचे डबे, इव्हॅपोरेटेड मिल्क आणि हेवी क्रीम थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मिळत नाही. मी त्या रिकाम्या शेल्फसमोर उभी राहिलेय, हातात राजम्याची पिशवी घेऊन.